५० मिमीपासून १३ मिमीपर्यंत : जुन्या गाडीच्या स्टिअरिंग प्लेच्या नोंदी

८ फेब्रुवारी (१ तास)

बाबांची जुनी हॅचबॅक पुढच्या महिन्यापासून धाकटा भाऊ रोज चालवणार आहे. काल ती मी लांबवर नेऊन पाहिली. वेग ऐंशीच्या वर गेला की गाडी सरळ ठेवायला स्टिअरिंग सारखं डावं-उजवं करावं लागतं. मधल्या जागेत स्टिअरिंग नुसतंच हलतं, चाकांपर्यंत काही पोहोचत नाही. या ढिलेपणालाच प्ले म्हणतात. अशी गाडी त्याच्या हातात द्यायची नाही, एवढं कालच ठरलं.

गाडी कशी आहे ते आधी लिहून ठेवते, म्हणजे तुलना करता येईल. साधं रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग, पॉवर नाही, एअरबॅग नाही. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन; ते फिरलं की रॅक हा दातेरी दांडा डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि चाकं वळवतो. रॅक फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधली भिंत), म्हणजे पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे बसवलेला आहे.

आज फक्त मोजलं. गाडी सपाट जमिनीवर, चाकं अगदी सरळ. डॅशबोर्डला एक ताठ तार चिकटवली आणि तिचं टोक स्टिअरिंगच्या कडेजवळ आणलं. कडेवर कागदी चिकटपट्टी लावली. एका बोटाने स्टिअरिंग डावीकडे ढकलत नेलं, अडल्यासारखं वाटलं आणि पुढचं चाक हलायच्या बेतात आलं की तारेसमोर खूण केली. मग उजवीकडे तसंच. दोन खुणांमधलं अंतर हा प्ले. तीनदा मोजला : ५१, ५०, ४९ मिमी. माझ्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलात कमाल ३० मिमी दिला आहे. पॉवर स्टिअरिंग असेल तर हेच मोजमाप इंजिन चालू ठेवून घ्यावं लागतं, नाहीतर आकडा फसवा येतो.

९ फेब्रुवारी (३ तास, सगळे वाया)

आज मोठी चूक केली. ती सविस्तर लिहिते, कारण स्टिअरिंग ढिलं झालं की बहुतेकांचा हात पहिल्यांदा इथेच जातो.

रॅकच्या घरावर, पिनियनच्या बरोबर मागच्या बाजूला एक मोठा प्लग असतो आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा लॉक नट असतो. प्लगच्या आत स्प्रिंग आणि एक गुटका असतो, तो रॅकला पिनियनवर दाबून धरतो. प्लग आवळला की दाब वाढतो आणि रॅक-पिनियनच्या दातांमधला ढिलेपणा कमी होतो. काही न तपासता, आधीच्या जागेवर खूणही न करता, मी लॉक नट सोडवला आणि प्लग साधारण पाव फेरा आवळला.

प्ले ५० वरून ४६ झाला. एवढंच. स्टिअरिंग मात्र जड झालं. घरासमोर अगदी हळू गाडी चालवून पाहिली तर वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप मागे येईना, जिथे सोडलं तिथेच थांबू लागलं. चाकं उचलून लॉकपासून लॉकपर्यंत, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, फिरवलं तर मध्यावर ठीक होतं, दोन्ही टोकांकडे चांगलंच घट्ट लागत होतं.

कारण नंतर लक्षात आलं. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दात मध्यावर जास्त झिजतात आणि टोकांना जवळजवळ नव्यासारखे राहतात. मध्यावरची झीज भरून काढायला प्लग आवळला की टोकांना तो अडकतो. वळणावर स्टिअरिंग अडकणं हे ढिल्या स्टिअरिंगपेक्षा कितीतरी धोक्याचं आहे.

खूण नसल्यामुळे प्लग आधी कुठे होता ते सांगता येईना. मॅन्युअलमधल्या क्रमाने सगळं पहिल्यापासून करावं लागलं : चाकं उचलायची, रॅक मध्यावर आणायचा, प्लग दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळायचा, मग दिलेल्या कोनाइतका मागे सोडायचा, प्लग धरून ठेवून लॉक नट आवळायचा, आणि शेवटी पूर्ण फेऱ्यात कुठेही अडत नाही हे पाहायचं. टॉर्क आणि कोन गाडीगणिक वेगळे असतात, म्हणून माझे आकडे इथे देत नाही. हे करून प्ले पुन्हा ५० वर आला. तीन तास खर्चून मी होते तिथेच.

१५ फेब्रुवारी (अडीच तास)

आज एकाही नटला पाना लावला नाही. फक्त शोध.

चाकं जमिनीवरच ठेवली. गाडी उचलली की चाकं मोकळी होतात, सांध्यांवर भार येत नाही आणि निम्मा ढिलेपणा लपतो. भाऊ आत बसला. मी बॉनेट उघडून, नंतर गाडीखाली हात घालून एकेक सांधा धरत गेले आणि तो स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवत राहिला. आधीच ठरवलं होतं की मी ‘थांब’ म्हटलं की हात सोडायचा, आणि मी ‘चालू’ म्हणेपर्यंत स्टिअरिंगला शिवायचं नाही. बोटं सांध्यात असताना हा नियम मोडता कामा नये.

पहिली गोष्ट भावानेच सांगितली. “ताई, माझ्या बुटाजवळ काहीतरी टकटक करतंय.” स्टिअरिंग कॉलम खाली जिथे फरशीतून बाहेर जातो तिथलं रबरी आवरण वर सरकवलं, तर खालचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनात असलेल्या दोन दांड्यांना जोडणारा सांधा, दिसला. त्याच्या वरचा दांडा हलत होता आणि खाली पिनियनचा दांडा गप्प होता. दोन्हींवर खडूची रेघ मारली. पिनियन हलायला लागेपर्यंत स्टिअरिंगच्या कडेवर १९ मिमी अंतर जात होतं. रॅकपर्यंत पोहोचण्याआधीच १९ मिमी संपले होते, आणि मागच्या आठवड्यात मी रॅक आवळत बसले होते.

दुसरी गोष्ट रॅकच्या पकडीत सापडली. रॅकचं लांबट घर दोन क्लॅम्पनी फायरवॉलला धरलेलं असतं आणि मध्ये रबरी बुश असतात. क्लॅम्प आणि घर यांच्या फटीवर अंगठा ठेवला. भाऊ स्टिअरिंग हलवेल तसं अख्खं घर आधी डावीकडे सरकायचं, मग आतला रॅक हलायचा. सरक अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, ०.६ च्या आसपास.

०.६ मिमी म्हणजे काहीच नाही असं वाटेल, म्हणून हिशोब करून पाहिला. माझ्या स्टिअरिंगचा व्यास ३७ सेंमी, म्हणजे कडेचा परीघ ११६ सेंमी. चाकं उचलून मोजलं तेव्हा एका पूर्ण फेऱ्यात रॅक ४० मिमी सरकला. म्हणजे रॅकपाशी १ मिमी ढिलाई असली की ती हातात २९ मिमी होऊन येते. ०.६ चे झाले १७. हा गुणाकार कळल्यावर मी अगदी बारीक हालचालही सोडून द्यायचं बंद केलं.

तिसरी जागा डाव्या चाकाचा टाय रॉड एंड. टाय रॉड हा रॅकपासून चाकाकडे जाणारा दांडा, आणि एंड म्हणजे त्याच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा. तळव्यात धरला तेव्हा प्रत्येक हेलकाव्याला हाताला ठोका जाणवत होता. खात्री करायला पुढचा भाग उचलून, दोन्ही बाजूंना स्टँड लावून, मागच्या चाकांना अडण्या घालून डावं चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं. ठक आवाज आला. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं तर काही नाही. तिथेही हललं असतं तर भावाला ब्रेक दाबायला सांगितलं असतं : ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा, तरीही राहिली तर बॉल जॉइंटचा, म्हणजे चाकाला सस्पेन्शनशी जोडणाऱ्या सांध्याचा.

रॅकच्या दोन टोकांचे सांधे, म्हणजे रॅक एंड, रबरी बूटच्या (आवरणाच्या) आत असतात. बूट बाहेरूनच चिमटीत दाबून सांध्यावर बोट ठेवलं. दोन्ही घट्ट. बूटही फाटलेले नाहीत. फाटलेले असते तर आत पाणी आणि माती गेली असती आणि यादी वाढली असती.

१६ फेब्रुवारी (१ तास)

सगळे नट-बोल्ट तारेच्या ब्रशने घासले आणि गंज सोडवणारं तेल मारलं. आठवडाभर रोज एकदा मारणार आहे. सुटे भाग मागवले : खालचा जॉइंट त्याच्या बोल्टसह, रॅकचे दोन बुश, डावा टाय रॉड एंड, स्प्लिट पिना (नट सुटू नये म्हणून त्यातून आरपार घालायच्या). सगळं मिळून नव्या रॅकच्या किमतीच्या एक तृतीयांशही होत नाही. आणि नुसता नवा रॅक घातला असता तरी जॉइंटचे १९ मिमी जागच्या जागीच राहिले असते.

२२ फेब्रुवारी (४ तास) : जॉइंट

आधी वाटलं, फक्त पिंच बोल्ट ढिला असेल. जॉइंटचा पट्टा दांड्याच्या दात्यांवर ज्या बोल्टने आवळला जातो तो हा बोल्ट. तो खरंच ढिला होता. आवळल्यावर प्ले ५० वरून ४४ झाला. उरलेला ढिलेपणा जॉइंटच्या मधल्या क्रॉसमध्ये होता : हाताने वाकवलं की एका दिशेला अडखळत होता आणि सुयांच्या बेअरिंगमधून तांबूस गंज बाहेर आला होता. बदलण्याशिवाय मार्ग नव्हता.

काढताना तासभर गेला तो एका गैरसमजामुळे. पिंच बोल्ट चार आटे सोडवला आणि जॉइंट वर ठोकत बसले. निघेना. बोल्ट दांड्यावरच्या एका खाचेतून आडवा जातो, त्यामुळे तो नुसता ढिला करून काही होत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. ती खाच मुद्दाम दिलेली असते, बोल्ट ढिला झाला तरी जॉइंट दांड्यावरून निसटू नये म्हणून. बोल्ट पूर्ण काढल्यावर पट्ट्याच्या फटीत रुंद पेचकस घालून किंचित उघडलं आणि जॉइंट दोन ठोक्यांत वर आला. आधीच्या ठोक्यांनी कॉलमच्या बेअरिंगला काही झालेलं दिसत नाही, तरी तसे ठोकायला नको होते.

काढण्यापूर्वी वरचा दांडा, जॉइंट आणि पिनियन यांच्यावर रंगाने सरळ रेघ मारली होती. नवा जॉइंट बसवताना ती रेघ जुन्या जॉइंटवरच राहिली, हे लक्षात घेतलं नाही. अंदाजाने बसवला. घराबाहेर चक्कर मारली तर चाकं सरळ असताना स्टिअरिंग डावीकडे कललेलं. एक दात सरकला होता. पुन्हा सगळं सोडवलं. या वेळी जुना आणि नवा जॉइंट शेजारी ठेवून खाच आणि रेघ नव्यावर उतरवली, मग बसवला. दीड तास गेला.

कललेलं स्टिअरिंग टाय रॉडची लांबी बदलून सरळ करण्याचा मोह होतो. तसं केलं तर रॅकचा मध्य आणि चाकांचा मध्य एकमेकांपासून सरकतात आणि एका बाजूला गाडी कमी वळते. जिथे चुकलं तिथेच दुरुस्त करावं.

आणखी एक. जॉइंट सुटा असताना स्टिअरिंग गरागरा फिरू देऊ नये. माझ्या गाडीत किल्ली काढून ते लॉक केलं. एअरबॅगवाल्या गाडीत स्टिअरिंगखाली गुंडाळलेली पट्टीची केबल असते, ती जास्त फेऱ्यांनी तुटते. तिथे बॅटरी काढून ठेवणंही आवश्यक आहे.

नवा बोल्ट टॉर्क पान्याने आवळला. प्ले ३१ मिमी. पन्नासातून एकोणीस गेले, खडूच्या रेघेने सांगितले होते तेवढेच. हिशोब जुळल्याचा आनंद झाला.

२३ फेब्रुवारी (५ तास) : रॅकचे बुश

चार बोल्टपैकी तीन वीस मिनिटांत निघाले. चौथा, ड्रायव्हरच्या बाजूचा मागचा, साडेतीन तास. तिथे पाना एका वेळी जेमतेम एक अष्टमांश फेरा फिरतो, मग काढून पुन्हा लावायचा. आठवडाभर तेल मारूनही तो कुरकुरत निघाला. घाई करून गोल केला असता तर रॅक काढावा लागला असता, म्हणून प्रत्येक फेऱ्याला थोडा मागे, थोडा पुढे असं करत काढला. हातांना खरचटलं, बोल्ट वाचला.

बुश बाहेर आले तेव्हा ढिलेपणाचं कारण कळलं. एक बुश ठीक होता. दुसरा फुगून मऊ झाला होता, नखाने दाबला की खड्डा पडायचा. वर पाहिलं तर व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून इंजिन ऑइल पाझरून बरोबर त्याच्यावर ठिबकत होतं. साधं रबर तेलात राहिलं की असंच होतं. नवा बुश तसाच बसवला असता तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा हीच हालत झाली असती. म्हणून आधी गॅस्केट बदललं, खालचं सगळं पुसून काढलं आणि मगच बुश बसवले. पाच तासांत हे काम धरलेलं नाही, ते वेगळं लागलं.

बुशना ग्रीस लावला नाही. ते कोरडेच घट्ट बसायला हवेत. क्लॅम्पचे बोल्ट आधी सगळे हाताने लावून घेतले, मग एकाआड एक करत आवळले.

प्ले १४ मिमी. मॅन्युअलच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. रस्त्यावर नेली तर स्टिअरिंग हातात घट्ट लागत होतं, पण ऐंशीला गाडी अजूनही थोडी भरकटत होती. रस्त्यात खाच आली की डावीकडे ओढून परत यायची. डाव्या टाय रॉड एंडचा ठोका स्टिअरिंगच्या मोजमापात जवळजवळ दिसतच नव्हता. स्टिअरिंग हलवलं की उजवं चाक लगेच विरोध करतं, हाताला घट्ट लागतं, आणि डावं चाक मात्र आपल्या ढिल्या सांध्यावर स्वतःच्या मनाने हलत राहतं. म्हणून केवळ स्टिअरिंगवरचा आकडा पाहून गाडी ठीक आहे म्हणू नये. प्रत्येक सांधा हाताने धरून पाहावाच लागतो.

१ मार्च (३ तास) : डावा टाय रॉड एंड, पहिला प्रयत्न

लॉक नट सोडवण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवल्या : टाय रॉडवर नटच्या मागे दिसणारे आटे (११), आणि टाय रॉडवर केलेल्या एका खुणेपासून एंडच्या खिळ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर. दुसरं मोजमाप जास्त कामाचं ठरलं, ते पुढे लिहिते.

एंडचा खिळा निमुळता असतो आणि स्टिअरिंग आर्मच्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्याच्या, निमुळत्या भोकात रुतून बसतो. कॅसल नट (पिनसाठी खाचा असलेला) काढल्यावरही तो तसाच चिकटून राहतो. वरून खिळ्याच्या टोकावर हातोडा मारला तर आटे फुलतात आणि मग काहीच निघत नाही. बरोबर पद्धत म्हणजे नट दोन आटे ठेवून तसाच राहू द्यायचा आणि आर्मच्या डोळ्याच्या बाजूवर जड हातोड्याने जोरदार ठोके मारायचे, विरुद्ध बाजूला दुसरा हातोडा टेकवून. भोक क्षणभर लांबट होतं आणि खिळा सुटतो. चौथ्या ठोक्याला टक आवाज होऊन सुटला. उष्णता दिली नाही, शेजारी रबरी बूट आणि ग्रीस आहे.

नवा एंड बसवला तेव्हा काहीतरी खटकलं. कॅसल नट सहज खाली जात गेला, स्प्लिट पिनचं भोक नटच्या खाचांच्या वर राहिलं आणि नट आट्यांच्या शेवटाला येऊन टेकला. वरून घट्ट, आत खिळा मात्र भोकात पूर्ण रुतलेला नाही. जुना आणि नवा शेजारी धरून कॅलिपरने मोजले : नव्याचा निमुळता भाग बारीक होता. याच गाडीच्या दुसऱ्या वर्षाच्या आवृत्तीचा आर्म वेगळा आहे, आणि मला त्याचा भाग मिळाला होता. वॉशर घालून नट आवळता आला असता. तसं अजिबात करू नये. सांधा धरून ठेवतो तो निमुळता भाग, नट त्याला फक्त जागेवर ठेवतो. खिळा भोकात हलत राहिला तर भोक खातो आणि एक दिवस तुटतो.

गाडी स्टँडवरच ठेवली. भाग उद्या बदलून मिळेल. मागवण्याआधी जुना काढून खिळ्याची मापं घेतली असती तर आजचा दिवस वाचला असता.

२ मार्च (अडीच तास) : डावा बसला, उजवा बिघडवला

बरोबर मापाचा एंड मिळाला. खिळा भोकात छान बसला, नट टॉर्कला आल्यावर पिनचं भोक खाचेच्या थोडं मागे राहिलं. नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळला. खाच जुळवायला नट कधीही मागे सोडू नये. काही गाड्यांत नायलॉनचा नट असतो आणि आवळताना खिळाच फिरत राहतो. तेव्हा खालून जॅकने एंडला वर दाब दिला की निमुळता भाग धरतो आणि खिळा फिरायचा थांबतो.

मग उजव्या एंडचा नट आणि आर्म स्वच्छ करून पाहावा असं मनात आलं. तो चांगला होता, फक्त गंजलेला. डाव्या बाजूला हातोडा चालला होता, इथे जागा कमी म्हणून दुहेरी काट्याची पाचर वापरली. सांधा सुटला आणि रबरी बूट फाटला. ही पाचर बूट फाडतेच. जो सांधा परत वापरायचा आहे त्याला ती लावू नये. आता उजवाही नवा घ्यावा लागला, या वेळी मापं आधी घेऊन. चांगला चाललेला भाग उगाच सोडवायची गरज नव्हती, आणि त्यापायी एका टाय रॉड एंडचा खर्च वाढला.

८ मार्च (साडेतीन तास) : टो

दोन्ही एंड बदलल्यावर टो, म्हणजे पुढची चाकं वरून पाहिली तर किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते, नक्की हललेला असणार. मी डाव्या बाजूचे आटे मोजून तेवढेच ठेवले होते, तरी खिळ्यापर्यंतचं अंतर जुन्यापेक्षा २ मिमी कमी भरत होतं. नव्या एंडचं शरीरच थोडं आखूड आहे. फेरे मोजण्यावर विसंबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मोजण्याची पद्धत : दोन्ही पुढच्या टायरवर, मागच्या बाजूला, चाकाच्या मध्याच्या उंचीवर, टायरच्या मध्यभागी खडूची बारीक रेघ. दोन रेघांमधलं अंतर मोजायचं. मग गाडी हाताने ढकलून चाकाचा अर्धा फेरा पुढे न्यायची, म्हणजे त्याच रेघा पुढच्या बाजूला त्याच उंचीवर येतात. पुन्हा मोजायचं. त्याच दोन रेघा मोजल्यामुळे रिम वाकडी असली तरी फरक पडत नाही. पुढचं अंतर मागच्यापेक्षा कमी असेल तर टो-इन. माझ्या गाडीला ० ते २ मिमी टो-इन हवा. मोजण्याआधी गाडी थोडी पुढे-मागे करून, बॉनेटवर दाब देऊन सस्पेन्शन बसू दिलं. जॅकवरून उतरवल्याबरोबर मोजलं तर आकडा खोटा येतो, कारण चाकं आत ओढलेली राहतात.

पहिला आकडा : पुढे ७ मिमी जास्त, म्हणजे टो-आउट. डावा टाय रॉड २ मिमी आखूड झाला होता. स्टिअरिंग आर्म १४० मिमी, टायरचा व्यास ५६० मिमी, प्रमाण चारास एक. २ मिमीचे ८ झाले. सुरुवातीला १ मिमी टो-इन असणार. याच हिशोबाने टाय रॉडच्या एका पूर्ण फेऱ्याला, आट्याचं अंतर दीड मिमी असल्यामुळे, टो ६ मिमी बदलतो. म्हणून एका वेळी एक अष्टमांश फेऱ्याने पुढे जावं.

फिरवायची दिशा मी आधी उलटी धरली आणि टो-आउट १० वर गेला. रॅक आसाच्या मागे असेल तर टाय रॉड लांब केल्यावर टो-इन वाढतो. रॅक आसाच्या पुढे असेल तर याच्या उलट. दोन्ही बाजूंचे टाय रॉड सारख्या लांबीवर आणून स्टिअरिंग मध्यावर राहील असं पाहिलं. फिरवताना रॅकचा बूट पिळला जातो, म्हणून त्याची बाहेरची क्लिप आधी सोडवली आणि शेवटी बूट सरळ करून लावली. शेवटचा आकडा दीड मिमी टो-इन. लॉक नट आवळताना एंड धरून ठेवला, नाहीतर तो तिरका होतो आणि वळणात अडतो.

प्ले १३ मिमी. ऐंशीला दोन बोटांनी धरली तरी सरळ जाते. दुसऱ्या दिवशी यंत्रावर अलाइनमेंट तपासून घेतलं, तिथेही टो मर्यादेत आला. घरी खडूने काढलेल्या मापावर स्टिअरिंगचं काम सोडून देऊ नये, यंत्रावर एकदा तपासावंच.

३० मार्च (१ तास)

भावाने ६०० किमी चालवल्यावर सगळं पुन्हा पाहिलं. प्रत्येक नटवर रंगाची रेघ मारली होती, एकही सरकलेली नाही. स्प्लिट पिना जागेवर, बूट कोरडे, बुशवर तेलाचा थेंब नाही. प्ले १३. पुढच्या टायरवरून हात फिरवला : जुनी झीज करवतीसारखी एका दिशेला टोचायची, ती थोडी बोथट झाली आहे.

एकूण साडेसव्वीस तास लागले. त्यातले निदान सात चुका निस्तरण्यात गेले : प्लगचे तीन, जॉइंटचे अडीच, चुकीच्या एंडचे आणि फाटलेल्या बूटचे उरलेले. ९ फेब्रुवारीला हात लावला होता तो रॅकचा प्लग मॅन्युअलच्या जागेवर आहे तसाच ठेवला आहे.

उजव्या खालच्या बॉल जॉइंटच्या बूटला बारीक चीर दिसते आहे. आत अजून ग्रीस आहे, हालचाल नाही. त्याच्या खिळ्याचं माप घेऊन भाग मागवला आहे.